बहुश्रुत बिशप निकोलस स्टेनो

विद्या वाढली म्हणजे श्रद्धा आटते, असा समज सुशिक्षितांत बराच रूढ आहे. तो ज्यांस खरा वाटतो, त्यांच्यापुढें आम्ही एका सोनाराच्या मुलाचें चरित्र ठेवितों.

निकोलस स्टेनो यांचा जन्म १६३८ सालीं डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरीं लुथरपंथी कुटुंबांत झाला. वैद्यक शिकण्यास ते हॉलंडांत गेले. तेथें १६६० सालीं मेंढराचें डोकें चिरीत असतां गालांतून तोंडांत लाळ आणणारी नळी त्यांस सांपडली. ती आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. हृदय हा केवळ एक स्नायू होय, हेंही त्यांनीं दाखविलें. १६६५ सालीं पॅरिसमध्यें मेंदूविषयीं व्याख्यान देतांना, त्याविषयीं आपणांस कांहींच ठाऊक नाहीं, असें त्यांनीं आरंभींच कबूल केलें. असे पंडित विरळाच.

पुढें ते इटलींत गेले. १६६६ सालीं लिव्होर्नोजवळ मुशीच्या जातीचा एक प्रचंड मासा सांपडला, व तस्कनीच्या ग्रँड ड्यूकांनीं त्याचें डोकें स्टेनोंकडे तपासणीस पाठविलें. त्याचे दांत माल्टा बेटाच्या खडकांत मिळणाऱ्या जिभेच्या आकाराच्या दगडांसारखेच होते. संत पौलांनीं शापिलेल्या सापांच्या त्या जिभा, असें लोक मानीत. स्टेनोंनीं ताडिलें कीं, ते प्राचीन माशांचे दांतच होत, आणि ते खडक एके काळीं पाण्याखालीं सांचलेला गाळ असले पाहिजेत. खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा, हा भूगर्भशास्त्राचा पाया त्यांनीं १६६९ च्या ग्रंथांत घातला.

त्याच लिव्होर्नोंत, त्याच वर्षीं, ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनीं पाहिली. ही नुसती भाकर असेल तर हे सर्व लोक वेडे. आणि खरोखर प्रभूचें शरीर असेल, तर आपण गुडघे कां टेकीत नाहीं? ह्या प्रश्नानें त्यांस सोडिलें नाहीं. पुष्कळ अभ्यासानंतर १६६७ सालीं ते कॅथलिक झाले. १६७५ सालीं धर्मगुरू, १६७७ सालीं बिशप. उत्तर जर्मनींतील तुरळक कॅथलिकांची सेवा त्यांच्याकडे आली.

तत्त्वज्ञ लायब्निट्स त्यांस तेथेंच भेटले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानें शास्त्र सोडावें, ह्याची त्यांस हळहळ वाटली. ती हळहळ आम्हांस अगदींच खोटी वाटत नाहीं. मेंदूचें काम खरोखर अपुरें राहिलें. परंतु जो कसोशीनें दगडाचा उगम शोधीत होता, त्यानेंच त्याच कसोशीनें प्रभूचाही शोध केला, हें विसरून चालणार नाहीं.

बिशपपदाची अंगठी व क्रूस विकून त्यांनीं गरिबांस दिले, आणि उपासांनीं शरीर झिजविलें. १६८६ सालीं श्वेरीन येथें, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांचा देह फ्लॉरेन्सच्या संत लॉरेन्स यांच्या मंदिरांत पुरला आहे. १९८८ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें.