पुण्याच्या वकिलाची लेक झाली वारल्यांची गोदाराणी

चिंचोळी एमआयडीसी (वार्ताहर) : मंडळी, सालगडी आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. उचल घ्यायची आणि वर्षभर मालकाच्या रानात राबायचं. पण लग्नगडी ऐकलाय का? तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेजवळ, वारली आदिवासी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा. ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्याकडं फुकट राबायची. आयुष्य सरायचं, कर्ज फिटायचं नाही.

ही वेठ मोडायला ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या गोदावरी परुळेकर. जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुण्यात. माहेर गोखल्यांचं, वडील नावाजलेले वकील. स्वतः कायद्याची पदवी घेतली. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. ठरवलं असतं तर पुण्यात सुखानं राहिल्या असत्या. पण त्या भारत सेवक समाजात गेल्या, मुंबईत घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९ ला शामराव परुळेकरांशी लग्न झालं. युद्धाच्या काळात दोघांनी तुरुंगवासही भोगला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथं माह्या धांगडा काही वारल्यांना घेऊन आले आणि त्यांनी आपल्या लोकांची दैना सगळ्यांपुढं मांडली. त्यानंतर गोदावरीबाई पाड्यापाड्यांवर पायी फिरू लागल्या. झोपडीत राहायचं, मिळेल ते खायचं, आधी लोकांचं ऐकून घ्यायचं. वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात सुमारे ५ हजार वारली जमले. ठरलं असं, की फुकट वेठ करायची नाही आणि रोजाला १२ आण्यांपेक्षा कमी मजुरी घ्यायची नाही. गावोगाव लाल बावटा लागला. लग्नगडी मोकळे झाले.

जमीनदार गप्प बसले नाहीत. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. गोदाराणी सभेला येणार अशी खोटी अफवा पसरवून लोकांना तलवाड्याला गोळा केलं गेलं. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघांचा जीव गेला. गोदावरीबाईंना जिल्ह्यातून हद्दपार केलं. तरी लोकांनी संप सोडला नाही, अन् शेवटी मजुरी वाढवून घेतलीच.

पुढं १९८६ ला त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्यांचं निधन झालं.

आज आपल्या एमआयडीसीत गावोगावची पोरं ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. हजेरी किती, हातात पैसे किती, हे विचारायलाही एकटा माणूस भितो. झरीचे वारलीही एकेकटे भीतच होते. जमल्यावर त्यांची भीती गेली. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा, घरातल्या पोरांनाही वाचायला द्या.