युद्धकैद्यांचे फादर : एमिल कपॉन

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लेख मागितला, तेव्हा नेहमीची मोठी नावं बाकीचे मित्रमैत्रिणी घेणार याची मला खात्री होती. म्हणून मी असं नाव घेते आहे, जे आपल्या वर्गातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मात्र ते घरोघरी माहीत आहे. फादर एमिल कपॉन हे कॅथलिक धर्मगुरू आणि अमेरिकन लष्करातले चॅप्लेन. आपल्या पलटणींत जसे पंडितजी, ग्रंथीजी, मौलवी असतात, साधारण तसाच हा चॅप्लेन. गणवेश असतो, हुद्दा असतो, हातात शस्त्र मात्र नसतं.

२० एप्रिल १९१६ रोजी पिल्सन या खेड्याजवळच्या शेतावर त्यांचा जन्म झाला. घराणं चेक वंशाचं, गावही तसंच. घरची शेती बेताची. अशा घरात मोडलेली वस्तू टाकून देत नाहीत, दुरुस्त करतात, आणि हे शिक्षण पुढे सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानापेक्षा त्यांच्या जास्त कामी आलं, असं माझं इंजिनिअरी मत आहे. जून १९४० मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि ते आपल्याच गावच्या चर्चमध्ये रुजू झाले.

१९४४ मध्ये ते लष्करात गेले आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक भारत-ब्रह्मदेश आघाडीवर झाली. होय, ते आपल्याकडेही येऊन गेले! सैनिक दूरदूर विखुरलेले, त्यामुळे जीपने आणि विमानाने महिन्याला कधीकधी २,००० मैलांपर्यंत प्रवास घडे. १९४६ मध्ये ते सैन्यातून मोकळे झाले. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी मदतीवर त्यांनी वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची एम.ए. पदवी घेतली. आता एखाद्या शाळेत रमायला हरकत नव्हती. पण १९४८ मध्ये ते पुन्हा लष्करात दाखल झाले. पहिल्या वेळी महायुद्ध चालू होतं. या वेळी तसं काही नव्हतं, हा निर्णय पूर्णपणे त्यांचा होता.

जुलै १९५० मध्ये आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटबरोबर ते कोरियात उतरले. जीपच्या बॉनेटवर कापड अंथरलं की झाली वेदी तयार. जीप गेली तेव्हा त्यांनी सायकल मिळवली आणि तिच्यावरून एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिले. एकदा तर शत्रूच्या गोळीने तोंडातला पाइप उडवला. गोळीबारात जाऊन जखमींना बाहेर काढल्याबद्दल त्यांना त्याच उन्हाळ्यात ब्राँझ स्टार मिळाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत उन्सान गावाजवळ चिनी सैन्याने त्यांच्या बटालियनला वेढलं. निसटणं शक्य होतं तेव्हा निघून जायला सांगूनही कपॉन जखमींपाशी थांबले. शत्रू आत घुसला, हातघाईची लढाई सुरू झाली, तरी ते जखमींमध्ये फिरत होते. त्या जखमींत एक चिनी अधिकारीही होता. कपॉननी त्यालाच मध्यस्थ केलं आणि आपल्या लोकांना न मारता कैद करावं, यासाठी बोलणी करायला लावली. संकटात समोरच्या शत्रूकडे उपयोगी माणूस म्हणून पाहता येणं ही सोपी गोष्ट नाही. थोड्याच वेळात त्यांना दिसलं, की सार्जंट हर्बर्ट मिलर पाय निकामी होऊन रस्त्याकडेला पडला आहे आणि एक शिपाई त्याच्या डोक्यावर बंदूक रोखून उभा आहे. कपॉन चालत गेले, बंदूकवाल्याला बाजूला सारलं, मिलरला उचललं आणि निघाले. त्या शिपायाने गोळी का झाडली नाही, कोण जाणे! पुढच्या पायपिटीत मिलरला कधी पाठीवर घेऊन, कधी आधार देऊन त्यांनी चालवलं.

त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक मुख्यतः या दोन दिवसांसाठी आहे. मला मात्र त्यानंतरचे सहासात महिने जास्त मोठे वाटतात. यालू नदीकाठच्या प्योक्तोंगच्या छावणीत, त्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात, हजाराहून अधिक कैदी दगावले. मूठभर भरडा किंवा मका, घाण पाणी, हगवण, उवा. अशा ठिकाणी माणूस आधी मनाने हरतो आणि मग दोन दिवसांत जातो, हे तिथून परतलेल्यांनी वारंवार सांगितलं आहे. कपॉननी काय केलं? छपराचा पत्रा मिळवला, दगडाने ठोकून ठोकून त्याची भांडी बनवली आणि त्यांत पाणी उकळलं. पिण्यासाठी, आणि जखमा धुण्यासाठी. अशक्त झालेल्यांच्या अंगावरच्या उवा ते वेचत. हगवणीने बरबटलेले कपडे धूत. मेलेल्यांना पुरण्याच्या कामावर आपणहून जात. प्रवचन असलंच तर या सगळ्यानंतर, आणि तेही दोन मिनिटांचं.

ते चोरीही करत. रात्री कुंपणाबाहेर जाऊन शेतातून मका, बटाटे पळवत. त्याआधी संत डिस्मसची प्रार्थना करत. येशूबरोबर क्रुसावर चढवलेला आणि अखेरीस पश्चात्ताप झालेला तो चोर. धर्मगुरूने चोरांच्या संताला साकडं घालून चोरीला निघावं, हे वाचताना मला हसू आलं आणि लगेच गळाही दाटला. आणलेलं ते वाटून टाकत. अधिकारी आणि साधे शिपाई यांना वेगळं ठेवलेलं असल्यामुळे ते अंधारात शिपायांच्या झोपड्यांमध्ये जाऊन येत. कैद्यांना साम्यवादाचे धडे दिले जात, तिथे हे आवाज न चढवता प्रतिवाद करत, म्हणून पहारेकऱ्यांचा त्यांच्यावर विशेष डोळा होता.

२५ मार्च १९५१ रोजी, ईस्टरच्या पहाटे, त्यांनी उघड्यावर प्रार्थना घेतली. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, कुठल्याच धर्माचे नसलेले, सगळे जमले. पण तोवर त्यांचंच शरीर थकलं होतं. पायात रक्ताची गाठ, हगवण, मग न्यूमोनिया. सोबतचे कैदी डॉक्टर त्यांना सावरत होते, इतक्यात पहारेकऱ्यांनी त्यांना इस्पितळात हलवायचा हुकूम दिला. त्या इस्पितळातून परत कोणी येत नसे. कैद्यांनी विरोध केला, तो चालला नाही. शेवटी त्यांनी स्वतःच उचलून त्यांना तिथे नेलं. २३ मे १९५१ रोजी फादर कपॉन गेले. वय ३५.

त्यानंतर छावणीत आलेल्या जेराल्ड फिंक नावाच्या ज्यू अधिकाऱ्याने कपॉनना कधी पाहिलंही नव्हतं. नुसतं ऐकून त्याने जळाऊ लाकडातून मोठा क्रूस कोरला, त्यावर येशूची मूर्ती, आणि तारेचा काटेरी मुकुट. १९५३ मध्ये सुटका झाली तेव्हा कैदी तो क्रूस सोबत घेऊनच बाहेर पडले. (याच युद्धाच्या शेवटी मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांची व्यवस्था भारतीय तुकडीकडे होती, आणि तिचे प्रमुख होते आपले जनरल थोरात.) क्रूस आज विचिटा शहरात फादरांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत आहे.

२०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मेडल ऑफ ऑनर त्यांच्या पुतण्याच्या हाती दिलं. समारंभाला हर्बर्ट मिलर हजर होता. व्हॅटिकनमध्ये त्यांच्या संतपदाची प्रक्रिया चालू आहे आणि २०२५ मध्ये त्यांना पूज्य घोषित करण्यात आलं. त्यातले नियम मला फारसे कळत नाहीत.

सत्तर वर्षं सगळे समजत होते, की त्यांचा देह उत्तर कोरियातल्या एखाद्या सामूहिक खड्ड्यात आहे. प्रत्यक्षात १९५४ च्या देवाणघेवाणीत उत्तर कोरियाने परत केलेल्या अवशेषांतच तो होता आणि हवाईच्या लष्करी दफनभूमीत अनोळखी म्हणून पुरला गेला होता. दातांच्या जुन्या नोंदी आणि डीएनए जुळवून मार्च २०२१ मध्ये ओळख पटली. त्या सप्टेंबरमध्ये ते कॅन्ससला परतले. विचिटाच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना ठेवलं, तेव्हा छावणीतले जे मोजके म्हातारे सोबती उरले होते, त्यांच्यापैकी काही तिथे आले होते.