ॲलिसच्या जनकाचा तर्काचा तास

'ॲलिस इन वंडरलँड'मुळे लुई कॅरोल हे नाव घराघरांत पोचले. पण चार्ल्स डॉजसन नावाचे गणिताचे मास्तर फारसे कुणाला आठवत नाहीत. माणूस एकच! १८३२ साली इंग्लंडच्या चेशर परगण्यात एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांतले हे थोरले चिरंजीव. पुढे ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात १८५५ ते १८८१ अशी २६ वर्षे ते गणित शिकवत होते. बोलताना ते अडखळत, आणि त्यांचे तास रटाळ होत, असे सांगतात.

घरच्या हस्तलिखितात मात्र हाच माणूस खुलत असे. १८५५ साली भावंडांसाठी काढलेल्या 'मिशमॅश'मध्ये त्यांनी जुन्या अँग्लो-सॅक्सन काव्याचा नमुना म्हणून एक कडवे दिले. शब्द बहुतेक मनचेच. खाली मात्र पंडिती थाटात एकेका शब्दाची व्युत्पत्ती आणि अर्थ. शब्दार्थांच्या याद्या घोकलेल्या कुणालाही हसू फुटावे. तेच कडवे १८७१ साली 'थ्रू द लुकिंग ग्लास'मध्ये आले. तिथे हम्प्टी डम्प्टी अगदी पंतोजीच्या आविर्भावात ॲलिसला त्याचा अर्थ समजावतो.

खरा वर्ग भरला तो १८८७ साली, ऑक्सफर्डच्या मुलींच्या हायस्कुलात. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी डॉजसन तिथे तर्कशास्त्र शिकवू लागले. त्याच साली त्यांचे 'द गेम ऑफ लॉजिक' आले होते. पुठ्ठ्यावर चौकटी, सोबत चार तांबड्या आणि पाच करड्या सोंगट्या. तांबडी ठेवली की त्या घरात काहीतरी आहे. करडी ठेवली की घर रिकामे.

पण खरी गंमत उदाहरणांत. ती असत चक्क वेडगळ. समजा (उदाहरण माझे), सगळ्या मांजरांना गणित येते, आणि गणित येणारे कुणीही ताक पीत नाही. मग मांजरे ताक पीत नाहीत, हे ओघाने आलेच! 'गणित येणे' दोन्ही विधानांत होते, निष्कर्षातून मात्र गळाले. ज्याच्या नावानेच मुले दचकतात ते 'मध्यपद' म्हणजे एवढेच. माणूस मर्त्य आहे, हे मुलीला आधीच ठाऊक असते. ती विचार न करताच उत्तर देते. या मांजरांपुढे तिचे ठाऊक असलेले काही कामाला येत नाही. तिला विधानांनाच धरून चालावे लागते.

'सिम्बॉलिक लॉजिक'चा पहिला भाग १८९६ साली निघाला. १४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्डला डॉजसन वारले, तेव्हा दुसरा भाग अपुराच होता. त्याची विखुरलेली पाने विल्यम बार्टली यांनी शोधून काढली आणि १९७७ साली ती प्रसिद्ध झाली.