पदक आणलं, मग कर्ज फेडायला कुस्त्या मारल्या : ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव

कर्जत-खालापूर : भातकापणी उरकली की आपल्याकडे सामन्यांचा हंगाम सुरू होतो. नेरळ, कशेळे, कडावपासून चौक, खोपोलीपर्यंत कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे बॅनर लागतात. बॅनरवर सगळ्यात मोठा आकडा असतो तो पहिल्या बक्षिसाचा. पण तिथं पोचायला खेळाडूच्या खिशातून काय जातं, म्हणजे प्रवेश फी, गाडीभाडं, बूट, खुराक, तो आकडा कुठल्याच बॅनरवर नसतो.

मोठ्या खेळांतही हेच आहे. व्यावसायिक बुद्धिबळात नावाजलेल्या ग्रँडमास्टरला नुसतं पटावर येऊन बसायचंही मानधन मिळतं, हरला तरी मिळतं. नवख्या पोराला मात्र तिकीट, राहणं, प्रवेश फी सगळं घरून भरावं लागतं. नाव झाल्यावर पैसा येतो, पण नाव व्हायच्या आधी कोण देणार? हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यभर आडवा आला, ते पैलवान म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा माणूस.

गोळेश्वरचा पोरगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरातच. शाळा कराडची, पुढचं शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाचं गाव. तिथं कुस्ती नुसती बघत नाहीत, तिथं लोक कुस्ती जगतात. खाशाबा अंगानं दांडगे नव्हते, पण चपळ होते. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथं गेल्यावर कळलं की कुस्ती मातीत नाही, मॅटवर आहे, आणि नियमही वेगळे. तरीसुद्धा फ्लायवेट गटात ते सहावे आले. मॅटची सवय नसलेल्या गड्यानं पहिल्याच फटक्यात जगात सहावा नंबर काढला, ही साधी गोष्ट नव्हती.

घर गहाण पडलं

पुढचं ऑलिम्पिक १९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीला होतं. खाशाबांनी चार वर्षं घाम गाळला, वजनगट वाढवून बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोत उतरायची तयारी केली. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. सरकारदरबारी हेलपाटे घालूनही गरज भागेना. आता संस्थानही राहिलं नव्हतं, त्यामुळे खर्च उचलणारा राजाही नव्हता.

शेवटी गावानं वर्गणी काढली. तरी कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. त्या काळात ७,००० म्हणजे मोठी रक्कम. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे गुरुजी आज शोधून सापडणार नाहीत.

हेलसिंकीचं ब्राँझ

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाच्या रशीद ममेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. त्या दोघांना सोनं आणि चांदी मिळाली, खाशाबांना ब्राँझ. त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं.

पदक घेऊन गडी परत आला तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, गुलाल, सगळं झालं.

पण ऑलिम्पिकच्या पदकाबरोबर रोख बक्षीस मिळत नाही, तेव्हाही मिळत नव्हतं. गळ्यात पदक आणि डोक्यावर खर्डेकर सरांचं कर्ज, अशी अवस्था. मग खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः आखाड्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. जे पदक देशाचं म्हणून मिरवलं, त्याची उधारी पैलवानानं स्वतःच्या अंगावर फेडली.

वर्दी आणि विसर

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. शेवटी सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि थोड्याच काळात, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ता अपघातात गेले. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, जाऊन दीड दशक उलटल्यावर. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. १९९६ साली लिअँडर पेसनं टेनिसमध्ये ब्राँझ आणलं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं थांबावं लागलं. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हा राज्य सरकारनं लगेच एक कोटी रुपये जाहीर केले. चांगलं झालं, काळ बदलला. पण हा पैसाही पदकानंतरचाच आहे. पदकाआधीचा खर्च अजूनही बऱ्याच घरांत आई-बापच कर्ज काढून करतात.

आपल्या मंडळांना जमेल असं

खाशाबांकडे ताकद होती, डाव होते, मेहनत होती. कमी होतं ते जाण्यापुरतं भाडं. गावची वर्गणी आणि सरांचं घर नसतं, तर हेलसिंकीचं पदक गोळेश्वरच्या आखाड्यातच राहिलं असतं, आणि आपल्याला ते कळलंही नसतं.

आपल्या तालुक्यांतही अशी पोरं-पोरी आहेत. जिल्ह्याच्या संघात निवड होते आणि भाड्यापायी जाणं राहतं. सामने भरवणाऱ्या मंडळांनी पहिल्या बक्षिसातून थोडी रक्कम बाजूला काढून गावातल्या एका खेळाडूच्या प्रवासासाठी ठेवली, तर चषक काही छोटा होणार नाही. जिंकून आलेल्याला हार घालायला सगळेच येतात. निघताना एसटीच्या तिकिटाचे पैसे हातावर ठेवणारा माणूस मात्र आधी लागतो.