नाव न कोरणारा कुंभार

जपानच्या शिमाने प्रांतात नाकाउमी या निमखाऱ्या सरोवराच्या काठी यासुगी नावाचे गाव आहे. आसपासच्या डोंगरांत गाळले जाणारे लोखंड या बंदरातून बाहेर जाई आणि त्या व्यापारावरच गाव पोसलेले होते. याच गावात एका सुताराच्या घरी २४ ऑगस्ट १८९० रोजी कावाई कांजिरोचा जन्म झाला. रंधा, करवत आणि लाकडाचा वास हे त्याचे बाळकडू. मातीशी त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता, ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. जपानमध्ये कुंभारकाम बहुतेक पिढीजात चालत आलेले. बाप चाकावर बसे, मुलगा माती तुडवी आणि ज्ञान हातातून हातात जाई. कावाई मातीकडे आला तो शाळेच्या वाटेने.

तोक्योच्या उच्च तंत्रशाळेत त्याने मृत्तिकाशिल्पाचे शिक्षण घेतले. तेथे इताया हाझान हे नामवंत कलावंत शिकवीत. मात्र अभ्यासक्रमाचा खरा भर रसायनशास्त्रावर होता. कोणती माती किती तापमानाला वितळते, राखेतला चुना आणि खडकातली सिलिका एकमेकांत कशी मिसळतात, लोखंडाचा अंश थोडा वाढला की काळा रंग तपकिरी का होतो, हे सारे वहीत मांडून शिकायचे होते. १९१४ मध्ये पदवी घेऊन कावाई क्योतोच्या नगरपालिकेच्या मृत्तिका संशोधन संस्थेत रुजू झाला. दोन वर्षांनी त्याच शाळेतून त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेला हामादा शोजी तेथे आला. पुढे आयुष्यभर टिकलेल्या मैत्रीची सुरुवात प्रयोगशाळेतील वजनकाट्यापाशी झाली. झिलईची एकेक कृती घेऊन, प्रमाण राईएवढे बदलून, लहान चकत्यांवर भाजून पाहायची, हा त्या दोघांचा उद्योग. अशा सुमारे दहा हजार कृती त्यांनी तपासल्याचे सांगितले जाते.

कावाईला या काळात सर्वाधिक वेड लावले ते तांब्याच्या लाल रंगाने. हा रंग चिनी कुंभारांनी शतकांपूर्वी साधला होता आणि तो जितका देखणा तितकाच लहरी. झिलईत तांब्याचा अंश अगदी अल्प लागतो. आव्यात योग्य घटकेला हवा कमी करून धूर कोंडला, तरच तो लाल उमटतो. हवा जास्त झाली की तोच लेप हिरवा पडतो आणि वेळ चुकली तर तांबे उडून जाऊन फिकट डाग मागे राहतात. लाकडावर पेटणाऱ्या आव्यात हे सारे ज्वाळेचा रंग पाहून ठरवायचे असते. शाळेतले रसायनशास्त्र येथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते.

क्योतोच्या पूर्वेला कियोमिझू मंदिराकडे चढत जाणारा गोजोझाका हा भाग म्हणजे कुंभारांची जुनी वस्ती. १९२० मध्ये कावाईने तेथील कियोमिझू रोकुबेई या प्रसिद्ध घराण्याकडून एक आवा विकत घेतला आणि त्याचे नाव शोकेई असे ठेवले. हा आवा उताराच्या अंगाने पायरीपायरीने चढत गेलेला, आठ दालनांचा होता. खालच्या तोंडाशी जाळ पेटवायचा, आच एका दालनातून वरच्या दालनात सरकत जायची आणि प्रत्येक दालन तापले की बाजूच्या भोकातून त्याला वेगळे सरपण घालायचे. एवढा प्रचंड आवा एका माणसाच्या मडक्यांनी भरत नसे. वस्तीतील वीसएक घरे तो भागीत वापरीत आणि कावाईच्या वाट्याला मुख्यतः दुसरे दालन येई. पुढे ज्याची भांडी जगाच्या संग्रहालयांत गेली, तो शेजाऱ्यांच्या चहाच्या वाट्या आणि ताटल्या यांच्याच जाळात आपले काम भाजीत होता.

१९२१ मध्ये ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या दालनांत त्याचे पहिले प्रदर्शन भरले आणि तिशीतला हा अनोळखी तरुण एका दिवसात प्रसिद्ध झाला. चीन आणि कोरियातील अभिजात घाटांची, दुर्मीळ झिलयांची ती भांडी पाहून जाणकार थक्क झाले. नवा तारा उगवला, असे समीक्षक लिहू लागले. ग्राहक रांगा लावीत होते. एखादा माणूस याच वाटेवर सुखाने म्हातारा झाला असता.

विरोधी सूर काढला तो यानागी सोएत्सु या विचारवंताने. कोरियाच्या जोसोन काळातील साध्या भांड्यांवर त्याचे अपार प्रेम होते. कावाईच्या कामात त्याला हुन्नर दिसले, पण तो संग्रहालयांतल्या जुन्या उत्कृष्ट वस्तूंचा पडसाद आहे, असेही वाटले. कावाई दुखावला आणि दोघांत वितुष्ट आले. मात्र त्याच वर्षी यानागीने तोक्योत मांडलेले कोरियन भांड्यांचे प्रदर्शन कावाईने पाहिले होते. कोणा अनाम कुंभाराने दिवसाला ढिगाने केलेली ती भांडी कुठे किंचित वाकडी, कुठे झिलई ओघळलेली. तरीही त्यांच्यापुढे आपली निर्दोष पात्रे त्याला रेशमी वस्त्रे नेसवलेल्या बाहुल्यांसारखी भासू लागली. टीका शत्रूने केली आणि पुरावाही त्यानेच समोर ठेवला, अशी ती अडचण होती. बाहेरून यश वाढत होते आणि आत विश्वास आटत होता.

ही कोंडी फोडली हामादाने. १९२० मध्ये तो इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच याच्याबरोबर इंग्लंडला गेला होता. १९२४ मध्ये परतला तो थेट कावाईच्या घरी उतरला. येताना त्याने इंग्लंडच्या खेड्यांतील जुनी भाजणीची ताटे आणली होती. पातळ मातीच्या रेघा ओढून वर पिवळसर झिलई दिलेली, चुलीत घालून घालून काळवंडलेली अशी ती होती. कावाईला ती पाहताच पटली. मग मित्राने त्याला आग्रहाने यानागीच्या घरी नेले. १९२३ च्या भूकंपानंतर यानागी तोक्यो सोडून क्योतोत राहायला आला होता. त्याच्याकडे मोकुजिकी या भटक्या भिक्षूने कोरलेली एक लाकडी मूर्ती होती. सुताराच्या त्या मुलाची नजर तिच्यावर खिळली आणि बोलणे तिथूनच सुरू झाले. वितुष्ट संपले ते चर्चेने नव्हे, तर एका लाकडाच्या ओंडक्याने.

या तिघांच्या सहवासातून मिंगेई हा शब्द जन्माला आला. सामान्य जनांची कारागिरी, असा त्याचा अर्थ. १९२६ मध्ये लोककलेच्या संग्रहालयाचे जे आवाहन प्रसिद्ध झाले, त्यावर यानागी, हामादा, कावाई आणि तोमिमोतो केंकिची अशा चौघांची नावे होती. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, उद्योगपती ओहारा मागोसाबुरो यांच्या देणगीतून तोक्योच्या कोमाबा भागात ते संग्रहालय उभे राहिले. रोजच्या वापराची, स्वस्त, अनेकांनी मिळून केलेली, कर्त्याचे नाव नसलेली वस्तूच खरी सुंदर, असा या चळवळीचा आग्रह होता. त्यातील विसंगती उघड आहे. हे सांगणारे स्वतः शिकलेले, नामांकित आणि महाग विकले जाणारे कलावंत होते. यानागीने ती तत्त्वचर्चेने भरून काढण्याचा प्रयत्न केला. कावाईने आपल्या परीने एक साधी कृती केली. याच सुमारास काही काळ त्याने प्रदर्शने थांबवली आणि पुन्हा काम बाहेर आले, तेव्हा भांड्यांच्या बुडाशी त्याची मुद्रा नव्हती. ती पुढे आयुष्यभर आली नाही. भांडे ज्या लाकडी पेटीतून जाई, त्या पेटीवर मात्र जपानी रिवाजाप्रमाणे त्याच्या हातची अक्षरे असत, हेही सांगितले पाहिजे. बाजाराला नाव हवे होते आणि ते पेटीवर मिळाले. माती तेवढी मोकळी राहिली.

त्याच्या भांड्यांचेही रूप पालटले. नाजूक चिनी घाटांच्या जागी जाड काठांचे वाडगे, चौकोनी बाटल्या, रुंद खांद्यांचे कुंभ आले. तांब्याचा लाल राहिला, पण आता तो लोखंडाच्या तपकिरीशेजारी एखाद्या फुलाच्या फटकाऱ्यात दिसू लागला. दहा हजार कृतींची ती वही वाया गेली नाही.

१९३४ च्या मुरोतो वादळाने गोजोझाकाचे घर मोडकळीस आणले. १९३७ मध्ये त्याने नवे घर बांधले, स्वतः आराखडा काढून आणि गावाकडच्या आपल्या सुतार भावाच्या हातून. खेड्यातील शेतकऱ्याच्या घरासारखे जाड वासे, मधोमध जमिनीत खोदलेली चूल, उखळाच्या लाकडापासून केलेल्या बैठका. वास्तुशांतीनिमित्त यासुगीच्या मित्रांनी दगडी दीपस्तंभ भेट द्यायचे ठरवले, तेव्हा त्याने त्याऐवजी एक वाटोळा धोंडा मागून घेतला. अंगणात तो धोंडा इकडून तिकडे लोटून कुठे शोभतो ते पाहण्याचा त्याला छंद जडला. घरात पाहुण्यांची ये-जा अखंड असे. मुनाकाता शिको हा काष्ठमुद्राकार तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. १९३६ मध्ये तोक्योत त्याचे काम पाहून कावाई इतका हरखला, की अस्वलाचे पिल्लू घेऊन येत असल्याची तार त्याने घरी केली. दाट केसांच्या, जाड भिंगांच्या त्या दांडग्या तरुणाला महिन्याहून अधिक काळ घरी ठेवून घेतले आणि बौद्ध ग्रंथांची ओळख करून दिली. मुनाकाताच्या पुढच्या कामावर त्या मुक्कामाचा ठसा स्पष्ट आहे.

युद्धाच्या काळात आवा पेटवणे अशक्य झाले. कुंभाराचे हात रिकामे राहिले तेव्हा कावाई लिहू लागला. त्याची छोटी, सूत्रवजा वाक्ये युद्धानंतर पुस्तकरूपाने आली आणि आजही जपानमध्ये वाचली जातात.

साठी ओलांडल्यावर माणूस बहुधा आपलीच नक्कल करू लागतो. कावाईचे उलटे झाले. त्याने चाक बाजूला ठेवून साच्यांत माती दाबून विलक्षण वेडेवाकडे, दोन्ही बाजू न जुळणारे आकार घडवले, त्यांवर रंगीत झिलईचे शिंतोडे उडवले. लाकडात मुखवटे आणि हात कोरले, पितळी चिलिमींचे आराखडे काढले. यांतले काहीही रोजच्या वापराचे नव्हते. मिंगेईच्या कडव्या अनुयायांना ते खटकले असल्यास नवल नाही. पण चळवळीच्या नियमांत बसण्यासाठी त्याने मुद्रा सोडली नव्हती.

सन्मानांचीही गोष्ट तशीच. १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आणि १९५७ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्याच्या भांड्यांना सर्वोच्च पारितोषिके मिळाली. दोन्ही वेळा ती त्याने पाठवलेली नव्हती. ताकाशिमाया दुकानातील त्याचा मित्र कावाकात्सु केनइची याने ती परस्पर धाडली होती. १९५५ मध्ये सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा ही पदवी सुरुवातीच्या मानकऱ्यांना दिली, तेव्हा हामादा आणि तोमिमोतो यांनी ती स्वीकारली. कावाईने नाकारली. संस्कृती पदक आणि कला अकादमीचे सदस्यत्वही त्याने घेतले नाही. हामादाशी त्याचा स्नेह यामुळे तसूभर कमी झाला नाही, यावरून या नकारात इतरांविषयी तुच्छता नव्हती हे कळते.

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी तो वारला. १९७३ पासून गोजोझाकाचे घर संग्रहालय म्हणून खुले आहे. कावाकात्सुने आयुष्यभर जमवलेली त्याची चारशेहून अधिक भांडी क्योतोच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. शहरात धुराविरुद्धचे नियम आल्यावर वस्तीतले लाकडाचे आवे एकेक करून विझले. घरामागचा आठ दालनांचा आवा आता थंड आहे. पाहुणे वाकून त्याच्या दालनांत डोकावतात. पुढे अंगणात तो वाटोळा धोंडा आहे.