आजारी माणसाला विटाळ कसला? बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक धागा

आरोंद्यात, तेरेखोलच्या खाडीकाठी, आम्ही वस्त्यांमधून आरोग्याचं काम करतो. मोठं दुखणं आलं की इथला माणूस खाडीपलीकडे गोव्यात, बांबोळीच्या इस्पितळात जातो. पण त्याआधी बरेचदा घाड्याकडे जातो, गाऱ्हाणं घालतो, कौल लावतो. पोराला कांजिण्या आल्या तर 'देवी आल्या' म्हणून औषध बंद, डॉक्टर बंद. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांतही हे चालतं. तरुण कार्यकर्ते यावर चिडतात. आम्हीही चिडायचो. हल्ली चिडण्याऐवजी आम्ही बाबासाहेबांचं आयुष्य सांगतो, पण पदव्या आणि पदं बाजूला ठेवून. दुखणं आणि स्पर्श एवढाच धागा धरतो.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म. भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव अगदी लहान होते. साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापायला तयार नसे, म्हणून बहीण कापायची. केस कापायला डोक्याला हात लावावा लागतो, नाडी बघायला मनगटाला. हात कुणाला लावायचा आणि कुणाला नाही, हे ठरवणारा कायदा एकच होता.

पुढे कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी. आणि घरात? पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंत राहिले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. रमाबाईंची तब्येत पुढे सावरली नाही. २७ मे १९३५ ला त्याही गेल्या. बाबासाहेब समाजाला वाचवत होते, असं आपण सहज बोलून जातो. त्या घरातली दुखणी आपण फारशी मोजत नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथात चांडाळाने गावाबाहेर राहावं असा नियम आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. वैद्याबद्दलही त्यात नियम आहेत, ते फारसे सांगितले जात नाहीत. वैद्याला श्राद्धाच्या पंगतीला बसवू नये. वैद्याचं अन्न खाऊ नये, ते पुवासारखं आहे. म्हणजे रोग्याच्या अंगाला हात लावून त्याला बरं करणारा माणूसच या व्यवस्थेने अपवित्र ठरवला होता. जिथे बरं करणाऱ्याची ही गत, तिथे अस्पृश्य रोग्याचं काय होणार?

१९२९ साली बाबासाहेबांना दोनदा त्याचं उत्तर मिळालं. पहिल्यांदा स्वतःच्या शरीरावर. मुंबई सरकारच्या समितीच्या कामासाठी फिरताना ते चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवून हाकायला कोणी टांगेवाला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेला आपलाच माणूस वर बसवला. वाटेत टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचं हाड मोडलं. कितीतरी दिवस ते अंथरुणाला खिळून होते. विटाळाच्या नियमाने एका बॅरिस्टरचा पाय मोडला, असंच म्हणावं लागेल.

दुसरी गोष्ट काठियावाडातली. एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर थांबला. ओल्या बाळंतिणीला तिथवर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. परत आला तोही त्याच क्रमाने. दिव्याच्या उजेडात काचेची नळी बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि तो निघून गेला. पुन्हा बघायला आला नाही. बाई गेली.

ही हकिगत बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये नोंदवली, स्वतःच्या अनुभवांच्या रांगेत. तो डॉक्टर अडाणी नव्हता, शिकलेला होता, हेच त्यांना बोचलं. आम्हालाही तेच बोचतं. शिक्षण आलं की हे आपोआप जाईल, असं समजणाऱ्यांनी ती नळी आठवावी.

याच काठियावाडात गिरनारच्या शिळेवर सम्राट अशोकाचा लेख आहे. माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची सोय केली, औषधी वनस्पती नसतील तिथे आणून लावल्या, असं त्यात कोरलेलं आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांनी त्याच भूमीत एक थर्मामीटर तीन हातांतून फिरत होता.

मधल्या वर्षांतलं त्यांचं काम थोडक्यात सांगतो. १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाची बाजू घेतली. १९४२ ते १९४६ मजूर खातं त्यांच्याकडे असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची पायाभरणी झाली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने दवाखान्याचं दार बंद करणं गुन्हा ठरवलं, तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. स्वतः ते मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने हैराण होते. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. त्या जन्माने सारस्वत. १५ एप्रिल १९४८ ला दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्यावर तेव्हा खूप बोललं गेलं, अजूनही बोललं जातं. आम्हाला त्यात एवढंच दिसतं, की काठियावाडात जो हात पुढे आला नाही, तो इथे आला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला. विनयात आजाऱ्याबद्दल जे आहे ते मनूच्या अगदी उलट आहे. आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध, गूळ घ्यायची मोकळीक. शुश्रूषा करणाऱ्याला रोग्याची घाण काढताना किळस वाटता कामा नये. भिक्खू वारला तर त्याचं पात्र आणि चीवर त्याची सेवा करणाऱ्याला. जीवक तर जन्मतःच उकिरड्यावर टाकलेलं पोर. तोच पुढे तथागतांचा वैद्य झाला.

हगवणीने आपल्याच घाणीत लोळत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतलं, अंथरुणावर ठेवलं. त्याची गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतली. वस्तीत आम्ही हीच गोष्ट सांगतो. परवा एका आजीने मध्येच विचारलं, मग घाड्याने कधी कुणाची घाण काढली का? आम्ही काही बोललो नाही. बायकाच हसल्या.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागून घेतले. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ ला बाहेर आला.