रामानुजन यांचे अखेरचे गणित आणि कृष्णविवरे

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांनी मृत्यूपूर्वी काही महिने मांडलेले गणित आज कृष्णविवरांच्या अभ्यासात उपयोगी ठरत आहे.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तामिळनाडूतील इरोड येथे झाला. त्यांचे बालपण कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावरच्या लहानशा घरात गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. गणितातील प्रावीण्यामुळे रामानुजन यांना कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली; मात्र इतर विषयांत अनुत्तीर्ण झाल्याने ती गमवावी लागली. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करीत असताना १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व बहाल केले.

आजारी अवस्थेत १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. जानेवारी १९२० मध्ये हार्डी यांना पाठविलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी ‘मॉक थीटा’ फलनांची माहिती दिली. २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

या फलनांमागील नियमाचा उलगडा डच गणितज्ञ सँडर झ्वेगर्स यांनी २००२ मध्ये केला. त्याआधारे मराठी शास्त्रज्ञ अतीश दाभोळकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी २०१२ मध्ये, स्ट्रिंग सिद्धांतातील कृष्णविवरांच्या क्वांटम अवस्था मोजण्यासाठी ही फलने कशी उपयोगी पडतात, हे दाखवून दिले. रामानुजन यांनी ते पत्र लिहिले, तेव्हा कृष्णविवर ही संज्ञाही विज्ञानात रूढ झालेली नव्हती.